आमच्या वाटणीचा कातळ

आजोबांनी दोन मुलांत जमीन वाटली तेव्हा नानाकाकांच्या वाट्याला भाताची खाचरं आली आणि माझ्या बाबांच्या वाट्याला कातळ आला. खोटं कशाला बोलू, कातळाबरोबर घराची अर्धी बाजू, एक चिंच आणि थोडी डोंगरउताराची वरकस जमीनही आली. पण सातबाऱ्यावर आमच्या नावापुढे जे लिहिलं होतं त्यातलं बरंचसं पोटखराब होतं, म्हणजे ज्यात काही पिकणार नाही हे सरकारनेच मान्य केलंय अशी जमीन. बाबा माथेरानला एका हॉटेलात आचाऱ्याच्या हाताखाली होते. वाटणीच्या दिवशी तिथे सीझन चालू होता. ते अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून डोंगर उतरले, दाखवलं तिथे सही केली, मोठ्या भावाच्या पाया पडले आणि अंधार पडायच्या आत डोंगर चढून कांदे चिरायला परत गेले. मी बोलत्या वयाची असते तर असं झालं नसतं. पण मी पाळण्यात होते आणि माझं कुणी ऐकून घेत नव्हतं.

आज कर्जत-खालापूरच्या बाजूला फार्महाऊसवर लग्न निघालं की मांडव बहुधा माझा असतो. बांबू, दोर, ताडपत्री, झालर आणि ते सगळं वेळेत उभं करणारी माणसं, एवढ्यावर मी घर बांधलं, टेंपो घेतले आणि जावयाला आवाज चढवू दिला नाही. लोक म्हणतात, शेवंताबाई सौद्यात समोरच्याला जगू देत नाहीत आणि मरूही देत नाहीत. म्हणोत. मुंबईचं गिऱ्हाईक गाडीतून उतरून गॉगल डोक्यावर चढवतं तेवढ्यात ते कुठवर ताणेल हे मला कळतं. पण माझ्या जन्मात एक सौदा असा झाला की तो मी जिंकले आणि जिंकूनच हरले. तो ज्याच्याशी केला तो माणूस आमच्या घराच्या भिंतीपलीकडे राहत होता, आणि त्याचा राग मला अजून येतो. डॉक्टर म्हणतात राग सोडा, रक्तदाब वाढतो. मी डॉक्टरांना म्हटलं, तुम्ही तुमची फी सोडा, मग बघू.

भिंत म्हणजे तरी काय, कारवीच्या काठ्यांचा कूड आणि वर शेणमातीचा लेप. एक छप्पर, दोन चुली. पलीकडे काकीने फोडणीत लसूण टाकली की अलीकडे आम्हाला भूक लागायची, आणि अलीकडे आईने सुका जवळा भाजला की पलीकडून काकीचा आवाज यायचा, "काय गं, आज लय मजा हाय तुमची?" आई भाकरी थापता थापता म्हणायची, "मजा कसली, पोटखराब खातो आमी." थापण्याचा पटपट आवाज, काकीचं हसणं, लांब ठाकुरवाडीच्या बाजूने घाट चढणाऱ्या गाडीचा धापा टाकल्यासारखा आवाज, यात माझी सकाळ व्हायची. दोघी जावा भिंतीतूनच एकमेकींशी सगळं बोलत. दोघे भाऊ मात्र समोरासमोर बसले तरी पावसापाण्यापलीकडे बोलत नसत. बाबांना काकांचा आदर होता म्हणून, आणि काकांना काय होतं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

कातळ आमच्या घरामागे, काकांच्या खाचरांच्या पलीकडे उभा. तीन ताड उंच, काळा, चारी बाजूंनी सुटा, म्हैस रवंथ करत बसावी तसा. म्हणून म्हशीचा कातळ. त्याच्याकडे जायला एकच वाट, काकांच्या बांधावरून. आम्ही शेळ्या घेऊन जायचो, काका काही म्हणायचे नाहीत. शेळ्यांना आणि आम्हाला ते बहुतेक एकाच हिशेबात धरत.

मग एका हिवाळ्यात मुंबईहून ती मंडळी आली. पाठीवर मोठाल्या पिशव्या, खांद्यावर रंगीत दोर, कमरेला लोखंडी कड्या. गावाला पहिल्यांदा वाटलं, धरणाची मोजणी आली. म्हातारी माणसं घाबरून चावडीत जाऊन बसली. मग पोरांनी येऊन सांगितलं की ती माणसं मोजत काही नाहीत, कातळावर चढतात, वर पोचतात आणि हात हलवत खाली येतात. सगळा गाव बघायला लोटला. त्यांचा म्होरक्या होता विनय, बँकेत नोकरीला, चष्म्याला मागून नाडी बांधलेली. माझ्या आईने त्याला विचारलं, "बाबा, वर हाय काय?"

"काही नाही, काकू."

"मध हाय?"

"नाही."

"मंग जाता कशाला?"

विनयने चष्मा पुसला आणि फार विचार करून म्हणाला, "जाता येतं का ते बघायला."

आईने त्या दिवशी त्याला एक भाकरी जास्त वाढली. डोक्याने थोड्या कमी असलेल्या लेकरांना ती नेहमीच जास्त वाढायची.

दर शनिवारी संध्याकाळी ती मंडळी यायची, आमच्या ओटीवर झोपायची, रविवारभर कातळावर लोंबकळायची. त्यांच्यात एकच मुलगी होती, मीनल. केस पोरासारखे कापलेले आणि आवाज शाळेतल्या बाईंसारखा. मी चिंचेखाली उभी राहून दोन रविवार नुसती बघत होते. तिसऱ्या रविवारी तिने माझ्या कमरेला पट्ट्याची गाठ मारली आणि म्हणाली, "चल." पाठीकडची बाजू सोपी होती, तिथून मी शेळीमागे अर्ध्यापर्यंत कधीच गेले होते. पण समोरच्या बाजूला बरोबर मधोमध एक भेग होती, खालपासून सरळ वर गेलेली. तिला ही मंडळी 'मधली' म्हणायची, घरातल्या मधल्या सुनेबद्दल बोलावं तसं, जरा दबून. अर्ध्या उंचीवर कातळ पोटासारखा पुढे यायचा, भेग तिथे बोटभर उरायची, आणि त्या पोटाखाली येऊन प्रत्येक जण पडायचा. पडायचा म्हणजे दोराला लटकायचा. दोर कातळाच्या माथ्यावरच्या एका उंबराला वळसा घालून खाली आलेला असे आणि त्याचं दुसरं टोक खाली कुणीतरी धरलेलं असे, त्यामुळे लागत कुणालाच नसे, फक्त मान जायचा. विनय पडला, मीनल पडली, त्यांचा एक मित्र पुण्याहून खास मधलीसाठी आला, तो सगळ्यांत जोरात पडला. मीही पडले. मीनलने मला तिचे जुने कॅनव्हासचे बूट दिले होते, माझ्या आयुष्यातले पहिले बूट. ते घालून मी दोन हिवाळे मधलीवर पडत होते. मला शाळेत काही जमलं नाही, घरकामात मी वसवस करायची, पण त्या पोटाखाली लटकत असताना माझ्या डोक्यात एवढं शांत असायचं की मला दुसरं काही नको होतं. मधली जायची होती, म्हणजे न पडता वरपर्यंत चढायची होती, एवढंच. कुणाच्याही आधी, आणि मीनल बघत असताना.

नानाकाका हे सगळं आपल्या बांधावर बसून बघायचे. पायाशी कोयता, तोंडात काडी. चेहऱ्यावर असं काही की जणू बाजारात दुसऱ्याचा बैल विकला जातोय. पोटखराबाला मुंबईहून माणसं येतात आणि चांगल्या खाचरांकडे ढुंकूनही न बघता त्यांच्या बांधावरून तुडवत पुढे जातात, हे त्यांना पचत नव्हतं. "काका, चढता का?" असं विनयने एकदा भाबडेपणाने विचारलं. काका म्हणाले, "आमी खालीच पिकतो."

आणि मग पोपटी झाली. पोपटी म्हणजे काय हे इकडच्या माणसाला सांगायला नको, पण पुस्तक कुठेही जाईल म्हणून सांगते. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात खाली-वर भांबुर्डीचा पाला, मध्ये शेंगा, मीठ, ओवा, असली तर अंडी आणि कोंबडी, असं ठासून भरायचं, मडकं पालथं घालायचं आणि वर पालापाचोळा, काटक्या रचून पेटवायचं. आईने एका शनिवारी अंगणात पोपटी लावली. मंडळींना आधी वाटलं, काकू कचरा जाळतायत. मग मडकं फुटलं आणि तो वास सुटला. विनयने शेंगांची टरफलंसुद्धा चाटली. पुढच्या शनिवारी ती सगळी हट्टाला पेटली की, "काकू, तुम्ही बसा, आज आम्ही लावणार." मला कर्जतला मावशीकडे पाठवलं होतं, नाहीतर पुढचं रामायण टळलं असतं. त्यांनी मडकं आणलं, शेंगा आणल्या, पाला तोडला, आणि कातळाच्या पायथ्याशी, मोकळ्यावर, चांदण्यात मजा येईल म्हणून जागा निवडली. जळण शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. काकांच्या वरच्या खाचरात सुक्या फांद्या, पाला आणि शेण्यांचा नीट रचलेला थर आयता पडलेला होता.

तो काकांचा राब होता. भाताची रोपं जिथे टाकायची त्या जागेवर असा थर रचून ठेवतात आणि पेरणीच्या आधी तिथेच जाळतात. ती राख जमिनीला पाजली की रोप तरारून येतं. काका-काकींनी त्यासाठी महिनाभर फांद्या तोडून डोक्यावरून वाहिल्या होत्या. त्या रात्री त्या फांद्यांनी वालाच्या शेंगा भाजल्या, आणि शेंगा म्हणे अर्ध्या कच्च्या राहिल्या.

सकाळी मी कर्जतहून परत आले तेव्हा काका खाचरात उभे होते आणि ही सगळी मंडळी ओळीने त्यांच्यासमोर, प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी. विनय मनापासून माफी मागत होता. माफी मागताना माणसाने थोडक्यात आटपावं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"काका, खरंच सॉरी. आम्हाला वाटलं कचरा आहे."

"कचरा?" काका म्हणाले.

"म्हणजे पडलेलाच होता ना..."

"कचरा," काका पुन्हा म्हणाले, या वेळी अगदी शांतपणे, आणि घरी गेले. दुपारपर्यंत बांधाच्या तोंडाशी बोरी-बाभळीच्या काट्या आडव्या पडल्या होत्या. ओटीवर बसून काकांनी मोठ्याने, भिंतीला सांगितलं की आजपासून आपल्या जमिनीतून पावण्याचा पाय जाणार नाय.

मी त्याच संध्याकाळी ओटीवर गेले. सौद्याला जाताना पोट भरलेलं असावं हे मला तेव्हा कळत नव्हतं, मी उपाशी गेले.

"नानाकाका, आमच्या वरकसातलं कवळं, फांद्या-पाला, मी तोडते. तुमचा होता त्याच्या दुप्पट राब रचून देते."

"नको."

"ती पोरं सोता येऊन रचतील."

"त्यांनी रचलेला राब? त्येच्यावर भात नाय उगवायचा, गुलाब उगवतील."

"मंग काय पायजे तुमाला?"

काकांनी काडी या गालातून त्या गालात नेली. "वाट कुनाची?"

"तुमची."

"बांध कुनाचा?"

"तुमचा."

"कातळ कुनाचा?"

"आमचा."

"मंग उडून जा."

ओटीच्या कडेला पाण्याचा तांब्या होता. तो मी लाथेने अंगणात उडवला. आतून काकीचा आवाज आला, "तांब्या चेपला गं शेवंते!" भिंतीपलीकडून माझ्या आईचा आला, "आनि दे इकडं, मी ठोकून देते!" काका हलले नाहीत. हसले असावेत असा मला संशय आहे.

तीन-चार दिवस मी घरात आदळआपट करत होते. आई एक दिवस तव्यावर भाकरी उलटताना आपल्याशीच म्हणाली, "देवाची वाट असती तर लावली असती का काटी यांनी?" ती नुसती करवादली होती. पण माझा हात घास घेता घेता थांबला. आमच्याकडे शेत कुणाचंही असो, देवाकडे जाणारी वाट अडवायची नाही. भाऊबंद कोर्टात भांडतील, पण देवाच्या वाटेवर काटी टाकणाऱ्याच्या घरी गाव पाणी पीत नाही.

त्या दुपारी पुरुष आडवे झाले तेव्हा मी देव्हाऱ्यातला शेंदूर आणि आईच्या केसांना लावायचं माक्याचं तेल घेतलं. काट्या पाहुण्यांसाठी होत्या, एक फांदी सरकवून मी आत गेले. कातळाच्या पायथ्याशी, मधली जिथून सुरू होते तिथेच, गुडघ्याएवढा एक धोंडा होता. त्याला शेंदूर फासला, पुढ्यात पळसाची फुलं ठेवली, नारळ फोडला. लांब जाऊन बघितलं तर माझाच हात जोडला जायला लागला, इतका तो धोंडा बघता बघता देव झाला. मग विहिरीवर जाऊन एका बाईला सांगितलं की कातळाखाली काहीतरी झालंय, पण कुणाला सांगू नको. दिवस मावळायच्या आत निम्मा गाव काट्यांपाशी उभा होता. एका म्हाताऱ्याला आठवलं की त्याच्या आज्याने तिथे उजेड बघितला होता. म्हशीच्या कातळाखाली म्हसोबाच असणार हे बायकांनी ठरवून टाकलं. मला काही करावं लागलं नाही. चांगल्या मालाचं असंच असतं.

काका आले. लोक बाजूला झाले. त्यांनी चपला काढल्या, धोंड्यासमोर उकिडवे बसले, एका बोटाने शेंदूर चाचपला. ओला होता. ते बोट त्यांनी नाकाशी नेलं. माक्याच्या तेलाचा वास आमच्या घरात एकाच बाईच्या डोक्याला यायचा, आणि भिंत कुडाची होती. काकांनी मान वळवून गर्दीत मला शोधलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग धोंड्याला असं लोटांगण घातलं की बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. उठले आणि स्वतःच्या हाताने सगळ्या काट्या ओढून बाजूला टाकल्या.

त्या रात्री मी पोटभर जेवले. जिंकले होते ना.

रविवारी मंडळी आली. बिचकत बिचकत बांधावरून गेली. कातळाखाली काका आधीच बसलेले, कपाळाला शेंदूर, आजूबाजूला गावातली दहा-पाच माणसं. विनयने पिशवी उतरवली, दोर काढला. काकांनी इतक्या गोड आवाजात बोलायला सुरुवात केली की मला तेव्हाच घाम फुटला.

"या पावण्यांनू. वाट मोकळी हाय, देवाची वाट, कवाबी या. पाया पडा, नारळ फोडा." मग कातळाकडे हात करून म्हणाले, "पन आता त्येच्यावर पाय नाय ठेवायचा. देव हाय तो."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी काय बोलणार होते? धोंडा खोटा आहे म्हणून? माझ्या आईचं तेल आहे म्हणून? काका माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, ही तर त्यांची कमाल. मला वाटलं, विनय बोलेल. बँकेतला माणूस, मुंबईचा, चार शब्द इंग्रजी टाकेल, धोंडा खाली आहे आणि आम्ही वर चढतो म्हणेल, पाठीकडची बाजू तरी मागेल. त्याने चष्मा पुसला, चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाला, "बरोबर आहे काका. लोकांच्या भावना आहेत."

एकदा तरी घासाघीस करायची रे! भाजीवाल्याशी चार काड्या कोथिंबिरीसाठी भांडता तुम्ही लोक. काकांवरचा माझा राग समजण्यासारखा आहे, ते शत्रूच होते. पण विनयवर मी जास्त चिडलेली आहे, आणि तो कुठे असेल तिथे सुखात असो, पण त्याने हे वाचावं. चांगल्या घरातल्या माणसाला बरोबर घेऊन सौद्याला जाऊ नये, हा धडा मी तिथे घेतला. तो मला धंद्यात कामाला आला, हा भाग वेगळा.

मंडळींनी घाटाच्या बाजूला दुसरा कडा शोधला. जाताना मीनलने मला तिचा जुना दोर दिला आणि म्हणाली, "मधली गेली की सांग." मी म्हटलं, "कशी जाणार?" ती म्हणाली, "तू काढशील काहीतरी." पुढच्या आठवड्यात बाबा माथेरानहून आले, हॉटेलातल्या कटलेटांचा पुडा घेऊन. त्यांना वाटलं होतं तशी मी रडले नाही, ओरडले. बाबांनी ऐकून घेतलं आणि भारावून म्हणाले, "आपल्या पोटखराबात देव आला. दादाचं पुण्य." मी कटलेट न खाता झोपले. सकाळी खाल्ले.

चैत्र आला. गावाने ठरवलं की पुनवेला म्हसोबाची पहिली जत्रा भरवायची. देवळाच्या ओसरीवर बैठक बसली, पुरुष पुढे, बायका मागे खांबाआड. नारळ, कोंबडे, नैवेद्य कुणाकडे, सगळं ठरलं. काका यजमान. सगळे उठायला लागले तेव्हा मी खांबामागून म्हटलं, "आनि निशाण?"

"लावू की खाली, बांबूला," काका म्हणाले.

"खाली? गावदेवीचं निशाण शिखरावर, मारुतीचं शिखरावर, आनि आपला म्हसोबा काय भीक मागतो व्हय?"

बायकांत कुजबुज सुरू झाली. खरंच की गं, ऐकू आलं. काकांच्या लक्षात आलं की मी कुठे निघालेय. "जाईल कुनीबी पाठीकडनं वर. गडी हायेत की."

"देवाचं निशाण देवाच्या तोंडासमोरनं चढतं. पाठीकडनं चोर चढतात."

आता म्हातारेही माना हलवायला लागले. समोरून, मधलीवरून, गावात कोण चढणार होतं? काकांनी काडी काढून हातात घेतली. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पोरगी म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून बघितलं.

"वरसातनं एकदा," ते म्हणाले.

"एकदा."

"तूच. दुसरं कुनी नाय."

इथे मी अडले. मीनलसाठी मी ताणायला हवं होतं असं कुणाला वाटेल, पण मी ताणलं. "संगती दोन मानसं."

"नाय. देव त्यांना ओळखत नाय."

"मंग निशाण खालीच लावा."

"लावू." आणि ते खरोखर उठले. माणूस उठतो तो परत बसणारा आहे की नाही हे ओळखायला मला पुढे फार वर्षं लागली, तेव्हा येत नव्हतं. मी म्हटलं, "बरं. मी एकटी."

"आंघुळ करून, उपाशी," काका वळून म्हणाले. "आनि आनवानी. देवावर बूट नाय."

बूट गेले म्हणून मी घरी येऊन आईवर ओरडले. पोटाखाली बूट घालून जे जमलं नव्हतं ते अनवाणी काय जमणार? काकांनी मला गावासमोर लटकवायची सोय केली होती.

पुनवेच्या पहाटे मी पाठीकडून वर गेले, उंबराला वळसा देऊन दोर खाली सोडला आणि उतरले. मांडवाला गाठ कशी बसते हे मी आज माणसांना शिकवते, ते त्या दोरावरच शिकले. प्रश्न होता, खाली दोर धरणार कोण. बाबा आधीच डोळे मिटून, हात जोडून बसले होते. गावातल्या गड्यांनी एकमेकांना पुढे ढकललं. काका पुढे आले, दोर कमरेमागून घेतला, पाय रोवले. विनय जसा धरायचा अगदी तसा. मला तेव्हा त्याचं नवल वाटायला फुरसत नव्हती. मी निशाण पाठीला बांधलं, धोंड्याला हात लावला आणि मधलीत हात घातला.

खालची अर्धी वाट मला पाठ होती. ताशे वाजत होते, कोंबडे ओरडत होते, कुणीतरी पोराला धपाटे घालत होतं. पोटाखाली पोचले. भेग बोटभर. इथे बूट नुसता घसरायचा, बुटाला त्या भेगेत शिरायला जागाच नव्हती. मी सवयीने पाय टेकवायला गेले आणि अंगठा आत गेला. नुसता अंगठा, नखासकट, आणि गच्च बसला. दुसरा पाय वर नेला, तोही बसला. दुखलं इतकं की डोळ्यांसमोर काजवे चमकले. पण मी उभी होते. दोन हिवाळे ज्या जागी सगळी मुंबई पडली होती तिथे मी उभी होते. खालून काकीचा आवाज आला, "शेवंते, बिगी बिगी, निवद निवतोय!" मी हात पोटावरून पलीकडे टाकला, कड सापडली, आणि मी वर गेले.

उंबराशेजारी निशाण रोवलं. खाली गुलाल उडाला, म्हसोबाच्या नावानं चांगभलं झालं. सगळा गाव हात जोडून वर बघत होता आणि त्यातल्या एकालाही मी काय केलं ते ठाऊक नव्हतं. मीनल घाटात कुठेतरी दुसऱ्या कड्यावर असेल. मी वरून लांबपर्यंत बघितलं. कोण दिसणार होतं?

काकांनी मला सावकाश खाली सोडलं. माणसं नैवेद्याकडे वळली. मी धोंड्याशेजारी बसून अंगठ्याचं रक्त पुसत होते, काका दोराची गुंडाळी करत होते. खाली मान घालूनच म्हणाले, "ती पोटाखालची जागा. समदी तितंच पडायची."

"तुमाला काय म्हाईत?"

"दोन थंड्या बांधावर बसून मी काय गवत मोजत व्हतो? तो पुण्याचा लय आपटला. त्या पोरीचा एकडाव हात गेला व्हता वर, पन पाय सुटला." त्यांनी माझ्या अंगठ्याकडे बघितलं. "पायाचंच काम व्हतं ते."

सगळ्या गावात ज्याला कळलं तो हाच माणूस निघावा! मी म्हटलं, "मंग येऊ द्या की काका त्यांना. एकदा तरी. तिला दाखवते."

काकांनी गुंडाळीला गाठ मारली, ती माझ्या मांडीवर ठेवली आणि उठले.

"नाय," ते म्हणाले. चार पावलं गेले आणि वळले. "आनि फुडच्या साली जरा हळू चढ. नीट बगायला मिळत नाय."